चिंचोके

आवक-जावकच्या खिडकीत एकोणीस वर्षं झाली.
कागद येतो, मी शिक्का मारतो,
रोज सकाळी रबरी चाकावर तारीख फिरवतो.
शासन म्हणून एवढंच काय ते माझ्या हातात.

त्या सोमवारी खिडकीत कागद नाही, डबा आला.
पाच किलोचा, पत्र्याचा, कडेला गंजलेला.
वत्सला मढवी, तुर्भे गाव, अंगणवाडीतून निवृत्त.
झाकण काढलं तर आत चिंचोके.
"हे काय?"
"माणसं हायत," म्हणाल्या.
"ठाणे-बेलापूर रस्त्याच्या सिग्नलला
अर्ध्यात अडकलेली. एकाचा एक."

बारा सेकंद चालतो तिथला हिरवा माणूस.
तेवढ्यात तरणाताठा पलीकडे पोचतो,
पॅकिंगच्या बायका पदर खोचून धावत पोचतात,
आणि ज्याचा गुडघा धरलाय
तो दुभाजकाला टेकून उभा राहतो
दोन्हीकडच्या कंटेनरांच्या वाऱ्यात.

मी म्हणालो, बाई, वस्तू घेता येत नाही, कागद आणा.
नियमच आहे तसा.
पण खोटं कशाला बोलू,
त्यांनी जावं म्हणून सांगितला.

त्या कागद घेऊन आल्या.
रात्रशाळेच्या पोरांनी पट्टीने आखलेले तक्ते,
सकाळची पाळी, संध्याकाळची पाळी, एक्केचाळीस दिवस.
खाली बेरीज कुट्टप्पन नायरांची,
जन्मभर केमिकल कंपनीत मीटर वाचलेले, सही मल्याळममध्ये.
अडकले: तीन हजार सहाशे चौदा.
शंका असल्यास डबा तपासावा.

शंका कुणालाच नव्हती. तीच अडचण.
फाइल वाहतूक शाखेत गेली, तिथून आली: रस्ता आमचा नाही.
औद्योगिक महामंडळाकडे गेली, तिथून आली: सिग्नल आमचा नाही.
मी तिला तीनदा नवा क्रमांक दिला,
जसं पोराचं नाव तीन शाळांत घालावं
आणि वर्गात कुणी बसू देऊ नये.

दर सोमवारी वत्सलाबाई खिडकीशी.
आरडाओरडा नाही. "कुठवर आली?"
एसटीची चौकशी करावी तसं.
मग सोमवारी दोघं. मग अकरा.
मग रेहाना तांबोळी, पॅकिंगमधली,
माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचं तिकीट, एकच प्रश्न:
बारा हा आकडा कुणी ठरवला?

पंखासुद्धा ऐकू यायला लागला त्या दिवशी.
तीन टेबलं शोधत राहिली, मग कळलं,
कुणीच नाही.
यंत्र आलं तेव्हा खोक्यातूनच बारा निघाले होते.

सुनावणीत अभियंते म्हणाले, वाहतूक खोळंबेल.
आकडेमोड होती त्यांच्याकडे, खोटीही नव्हती.
वत्सलाबाई म्हणाल्या,
"खोळंबू द्या की साहेब. गाडीतला बसलेला हाय."

पंधरा वाढवून मागितले होते. नऊ मिळाले,
चौदा महिन्यांनी, पाटी नाही की नारळ नाही.
पण परिपत्रकाच्या मसुद्यात,
शहरातल्या झाडून सगळ्या सिग्नलांसाठी,
"सरासरी चाल" हे शब्द खोडून
कुणीतरी हाताने लिहिलं होतं
"सर्वांत सावकाश चालणाऱ्याची चाल".
ते तसंच मंजूर झालं.
अक्षर मला ओळखू येतं. सांगणार नाही.

परवा गेलो तिकडे, काम नसताना.
मनातल्या मनात मोजले, एकवीस.
एक म्हातारा ऐन मध्यावर थांबला,
पिशवी या हातातून त्या हातात घेतली,
बोटं जरा झटकली,
आणि तरी पोचला.

या सोमवारी खिडकीत पुन्हा डबा.
"आता काय?"
"गटाराची झाकणं," म्हणाल्या.
डबा मी टेबलाखाली ठेवून घेतला, नियमाबाहेर,
शाईची पेटी जवळ ओढली.
"कागद आणलाय ना?"